सीआरएममध्ये पॅरेंट-चाइल्ड नाती जोडताना: गोव्यातल्या पुरवठादार ऑफिसांसाठी पायरीपायरीने

तुमच्या ऑफिसात नवं सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, आलं असेल आणि जुन्या पार्ट्यांची यादी त्यात चढवायचं काम तुमच्याकडे असेल, तर सुरुवातीलाच एक प्रश्न समोर उभा राहतो. पणजीत ऑफिस, कळंगुटला एक हॉटेल, पाळोळेला दुसरं, मालक तोच. ही पार्टी एक की तीन? हिशोबाच्या टॅलीत आजवर एकच लेजर (खातं) होतं, डिलिव्हरी चलनांवर तीन पत्ते होते आणि सेल्समनच्या मोबाइलमध्ये पाच जणांचे नंबर. सीआरएमला मात्र कोण वर आणि कोण खाली हे स्पष्ट सांगावं लागतं. वरची नोंद ती पॅरेंट, खालची ती चाइल्ड.

म्हापशातून हॉटेलांना आणि रेस्टॉरंटांना किचनची यंत्रं आणि त्यांची सर्व्हिस पुरवणाऱ्या ऑफिसात मी हे काम केलं आहे. सॉफ्टवेअर झोहो असो, सेल्सफोर्स असो की ओडू, बटणांची नावं बदलतात, विचार बदलत नाही. नातं जोडायला दोन मिनिटं पुरतात. कुठलं नातं जोडायचं हे ठरवायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ नोंदी भरायच्या आधी द्यावा लागतो. नंतर हजार-दीड हजार नोंदी उलगडून पुन्हा बांधणं फार जिकिरीचं होतं.

हे काम पावसाळ्यात काढा. जून ते सप्टेंबर हॉटेलांची खरेदी मंद असते, सेल्समन ऑफिसात सापडतात आणि जुन्या पार्ट्यांबद्दल त्यांना विचारता येतं. ऑक्टोबरनंतर कुणालाच वेळ नसतो.

हाताशी काय हवं

- टॅलीतून काढलेली पार्ट्यांची पूर्ण यादी, जीएसटी क्रमांकासह
- गेल्या दोन वर्षांची बिलं आणि डिलिव्हरी चलनं. बिलाचा पत्ता आणि माल उतरवल्याचा पत्ता हे दोन्ही लागतात
- सर्व्हिसचं रजिस्टर आणि चालू एएमसींची (वार्षिक देखभाल करारांची) यादी
- सीआरएमचं अ‍ॅडमिन लॉगिन. फक्त युजरचं लॉगिन असेल तर पुढच्या निम्म्या पायऱ्या अडतील
- सरावासाठी वेगळी प्रत. सेल्सफोर्सची डेव्हलपर एडिशन फुकट मिळते. इतरांची चाचणी आवृत्ती घ्या
- मोठे कोरे कागद आणि पेन्सिल

१. चार प्रकारची नाती ओळखा

*लुकअप* हे सैल नातं. चाइल्डच्या नोंदीत एक फील्ड (रकाना) असतं, त्यात पॅरेंटचं नाव निवडायचं. पॅरेंट नसला तरी चाइल्ड जगू शकतो.

*मास्टर-डिटेल* हे घट्ट नातं. पॅरेंटशिवाय चाइल्ड तयारच होत नाही, आणि पॅरेंट पुसला की चाइल्डही पुसला जातो. चाइल्ड कुणाला दिसावा हेसुद्धा पॅरेंटवरून ठरतं. हा शब्द सेल्सफोर्सचा. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये याच्या जवळच्या प्रकाराला पॅरेंटल म्हणतात.

तिसरा प्रकार *स्वतःच्याच मॉड्यूलशी नातं*. मॉड्यूल म्हणजे एका प्रकारच्या नोंदींचा गट, आणि पार्टीची नोंद म्हणजे अकाउंट. अकाउंटचा पॅरेंट दुसरं अकाउंटच. ग्रुप कंपनी आणि तिची हॉटेलं यांच्यासाठी हाच वापरतात. झोहो आणि सेल्सफोर्स दोन्हींत पॅरेंट अकाउंट हे फील्ड तयारच मिळतं, नवं बनवू नका.

चौथा प्रकार *अनेकांचं अनेकांशी*. एकच पर्चेस सल्लागार सहा हॉटेलांची खरेदी पाहतो, आणि त्यातल्या एका हॉटेलाला आणखी दोघे सल्ला देतात. इथे मधे एक जोडणारी नोंद लागते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

२. बिलांवरून कागदावर झाड काढा

स्क्रीन बंद ठेवा. सगळ्यांत मोठ्या वीस पार्ट्या घ्या आणि प्रत्येकीचं झाड कागदावर काढा: वर पैसे देणारी कंपनी, तिच्याखाली माल जिथे जातो त्या जागा, आणि प्रत्येक जागेखाली तिथे बसवलेली यंत्रं. माणसं बाजूला लिहा, आणि कोण कुठल्या पातळीवर निर्णय घेतो तेही. पणजीत बसणारा अकाउंटंट कंपनीच्या पातळीवर येतो. पाळोळेचा किचन इन्चार्ज त्या जागेवर.

वर कोण, हे ओळखायला जीएसटी क्रमांक फार कामाला येतो. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तेव्हा दोन पार्ट्यांच्या क्रमांकातली ही मधली दहा अक्षरं जुळली, तर कायद्याच्या नजरेत त्या एकाच व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या आहेत, बोर्डावरचं नाव काहीही असो. एक्सेलमध्ये ‘मिड’ फॉर्म्युल्याने तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरं वेगळ्या कॉलममध्ये काढा आणि त्या कॉलमवर यादी क्रमाने लावा. वर्षानुवर्षं वेगळ्या समजलेल्या पार्ट्या एकाखाली एक आलेल्या दिसतील.

पॅनचं चौथं अक्षरही पाहा, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं. ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती. इथे थोडं थांबा. ‘पी’ असलेल्या मालकाचं कांदोळीला रेस्टॉरंट आणि म्हापशात हार्डवेअरचं दुकान असू शकतं. पॅन एकच, पण खरेदी वेगळी, माणसं वेगळी, उधारीची मुदतही वेगळी. अशा वेळी पॅन जुळला म्हणून डोळे झाकून एका पॅरेंटखाली घालू नका. दोन्ही अकाउंट स्वतंत्र ठेवा आणि पॅनचा कॉलम दोन्हीकडे भरा, म्हणजे हवं तेव्हा शोधता येईल.

शंका असली तर जीएसटी पोर्टलवर करदाता शोधून बघा. तिथे कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव वेगवेगळं दिसतं. बहुतेक वेळा कायदेशीर नाव हा पॅरेंट निघतो आणि व्यापारी नाव चाइल्ड.

३. आपल्याकडच्या तीन गुंतागुंती आधी सोडवा

सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेत हा भाग सापडत नाही. सगळ्यांत जास्त वेळ मात्र इथेच द्या.

*एकच जीएसटी क्रमांक, अनेक जागा.* एका राज्यात एका पॅनवर साधारण एकच नोंदणी असते आणि बाकीच्या जागा तिच्यात अतिरिक्त जागा म्हणून लावलेल्या असतात. म्हणून कळंगुट आणि पाळोळे दोन्ही हॉटेलांच्या बिलावर तोच क्रमांक येतो. काही कंपन्या एकाच राज्यात वेगळी नोंदणीही घेतात, तसं करायची मुभा आहे. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सीआरएममध्ये जीएसटी क्रमांकाच्या फील्डला ‘पुन्हा येऊ नये’ अशी अट लावू नका, नाहीतर दुसरी जागा भरताच सिस्टिम अडवेल. दुसरी, जागेची ओळख म्हणून स्वतःचा कोड द्या. आम्ही पिनकोड आणि त्यापुढे अनुक्रमांक असा कोड घेतला: कळंगुटच्या तिसऱ्या जागेला ४०३५१६-०३. साधा आहे, आणि डिलिव्हरीच्या मुलांनाही कळतो.

त्याच ग्रुपचं सावंतवाडीला हॉटेल असेल तर गोष्ट बदलते. त्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि गोव्यातून माल पाठवताना बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो. म्हणून जीएसटी क्रमांक पॅरेंटवरून आपोआप खाली येऊ देऊ नका, जिथे क्रमांक वेगळा तिथे तो चाइल्डवर स्वतंत्र भरा. ओडू वापरत असाल तर इथे विशेष लक्ष द्या. त्यात कंपनीखाली डिलिव्हरी पत्ता किंवा संपर्क म्हणून लावलेल्या नोंदीला जीएसटी क्रमांक वरच्या कंपनीचाच मिळतो. सावंतवाडीची नोंद तिथे स्वतंत्र कंपनी म्हणूनच करा.

*बोर्ड एकाचा, मालकी दुसऱ्याची.* किनारपट्टीवर अनेक हॉटेलांवर मोठ्या साखळीचं नाव असतं, पण इमारत आणि धंदा स्थानिक कंपनीचा असतो. साखळी फक्त चालवते किंवा नाव देते. सेल्समन यादीत साखळीचं नाव लिहितो, कारण बोर्ड तोच दिसतो. बिल मात्र मालक कंपनीच्या नावाने जातं आणि चेक तिच्याकडून येतो. पॅरेंट ठरवताना बिलाकडे पाहा, बोर्डाकडे नाही. पॅरेंट म्हणजे मालक कंपनी. साखळीसाठी ‘चालवणारा ब्रँड’ असं वेगळं लुकअप फील्ड बनवा. एकाच ब्रँडची सगळी हॉटेलं पाहायची असली तर त्या फील्डवरून यादी निघते, आणि वसुलीचा हिशोब बिघडत नाही. दोघांनाही पॅरेंट करायचा मोह होतो, पण पॅरेंट अकाउंटचं फील्ड एकच असतं. हबस्पॉट या सीआरएममध्येसुद्धा एका चाइल्ड कंपनीला एकच पॅरेंट कंपनी लावता येते.

*लीज.* रेस्टॉरंट अकरा महिन्यांच्या करारावर चालवायला दिलेलं असतं. पुढच्या सीझनला चालवणारा बदलतो, जागा तीच, किचनमधली यंत्रंही बऱ्याचदा तीच. जागा चालवणाऱ्याच्या नावाखाली चाइल्ड म्हणून लावली, आणि तो गेल्यावर नव्याखाली हलवली, तर जुन्या उधारीचा आणि तक्रारींचा इतिहास नव्या माणसाच्या माथी बसतो. न हलवता नवी नोंद केली, तर यंत्राच्या सर्व्हिसचा इतिहास दोन तुकड्यांत जातो.

यावर मला पटलेली मांडणी एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यासारखी आहे: जमीन एकच राहते, कब्जेदार आणि कूळ वेगळ्या रकान्यांत येतात. सीआरएममध्ये ‘जागा’ असं स्वतंत्र मॉड्यूल करा. त्यात जागेचा मालक हे एक लुकअप आणि सध्या चालवणारा हे दुसरं. यंत्रं जागेखाली, बिलं आणि उधारी चालवणाऱ्याच्या अकाउंटखाली. चालवणारा बदलला की फक्त एक फील्ड बदलायचं, यंत्राचा इतिहास जागच्या जागी राहतो. आधीचा चालवणारा कोण होता ते कळावं म्हणून जागेखाली ‘करार’ नावाची छोटी चाइल्ड नोंद ठेवा: कोण, कधीपासून, कधीपर्यंत.

शॅकसाठी, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खाणावळींसाठी, मात्र ही मांडणी करू नका. शॅक पावसाळ्याआधी मोडतात, आणि नव्या वाटपात ती जागा दुसऱ्या कुणाला मिळू शकते. तिथे यंत्रं माणसाबरोबर जातात, जागेबरोबर नाही. शॅक चालवणाऱ्याचं अकाउंट करा, यंत्रं थेट त्याखाली लावा आणि किनाऱ्याचं नाव एका साध्या फील्डमध्ये टाका.

४. ‘वरचं पुसलं तर खालचं काय?’ हा प्रश्न प्रत्येक रेषेला विचारा

कागदावरच्या झाडात जितक्या रेषा, तितक्या वेळा हा प्रश्न विचारा. उत्तर तीनपैकी एक येतं.

*खालचंही जायला हवं.* कोटेशन आणि त्यातल्या ओळी. कोटेशन पुसलं तर ‘दोन बर्नरची शेगडी, नग ४’ या ओळीला स्वतंत्र अर्थ उरत नाही. इथे मास्टर-डिटेल योग्य.

*खालचं राहावं, फक्त रेषा तुटावी.* ब्रँड आणि जागा. साखळीचा करार संपला तरी हॉटेल आहे. इथे साधं लुकअप.

*खालचं असेपर्यंत वरचं पुसूच देऊ नये.* पार्टी आणि तिची सर्व्हिसची नोंद, पार्टी आणि चालू एएमसी. व्यवहारातल्या बहुतेक रेषा याच गटात पडतात, आणि नवखे लोक हाच पर्याय विसरतात. सेल्सफोर्समध्ये लुकअप बनवताना विचारलं जातं: फील्ड रिकामं करायचं की वरची नोंद पुसायला मनाई करायची. आपोआप निवडलेला पर्याय रिकामं करण्याचा असतो, तो बदला. डायनॅमिक्समध्ये याला रेफरेन्शियल, रिस्ट्रिक्ट डिलीट म्हणतात. ओडूत स्वतः फील्ड बनवणाऱ्या डेव्हलपरला ‘रिस्ट्रिक्ट’ लावायला सांगा.

मास्टर-डिटेलचं आकर्षण बेरजेमुळे वाटतं. सेल्सफोर्समध्ये रोल-अप समरी फील्ड त्या नात्यावर चालतं: चाइल्ड नोंदींची संख्या, बेरीज, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत पॅरेंटवर आपोआप येते. सोय मोठी आहे. पण फक्त बेरजेसाठी यंत्रं पार्टीखाली घट्ट बांधू नका. एखाद्याने ‘ही पार्टी बंद झाली’ म्हणून अकाउंट पुसलं तर बसवलेल्या यंत्रांचे सगळे सीरियल नंबर त्याबरोबर जातात. सेल्सफोर्सच्या रिसायकल बिनमध्ये पुसलेलं १५ दिवस राहतं. चतुर्थीच्या सुट्टीच्या तोंडावर कुणी काही पुसलं आणि गावाहून परतल्यावर लक्षात यायला उशीर झाला, तर ते परत मिळेलच असं नाही.

आणखी दोन मर्यादा माहीत असू द्या. सेल्सफोर्समध्ये एका ऑब्जेक्टला (मॉड्यूलला तिथे ऑब्जेक्ट म्हणतात) जास्तीत जास्त दोनच मास्टर असू शकतात. आणि आधी लुकअप ठेवून नंतर मास्टर-डिटेल करता येतं, पण ते फील्ड प्रत्येक नोंदीत भरलेलं असेल तरच. शंका असली तर लुकअपने सुरुवात करा.

५. सॉफ्टवेअरमध्ये नातं तयार करा

*झोहो:* सेटअपमध्ये कस्टमायझेशन, त्यात मॉड्यूल्स अँड फील्ड्स. चाइल्डचं मॉड्यूल उघडा, पॅरेंटचं नाही. उलट्या बाजूने सुरुवात करणं ही नेहमीची चूक. लेआउटवर लुकअप फील्ड ओढून आणा, पॅरेंटचं मॉड्यूल निवडा. पॅरेंटच्या पानावर खाली जी यादी दिसेल तिचं नाव इथेच विचारतात. ‘बसवलेली यंत्रं’ असं सरळ नाव द्या.

*सेल्सफोर्स:* सेटअप, ऑब्जेक्ट मॅनेजर, चाइल्ड ऑब्जेक्ट, फील्ड्स अँड रिलेशनशिप्स, न्यू. प्रकार निवडा, पॅरेंट निवडा. मास्टर-डिटेल घेत असाल तर चाइल्ड दुसऱ्या पॅरेंटखाली हलवायची परवानगी देणारी खूण शोधा. ती आपोआप लागत नाही. शेवटच्या पानांवर फील्ड कुणाला दिसेल आणि कुठल्या लेआउटवर येईल हे विचारतात. घाईत पुढे गेलात तर फील्ड तयार होतं, पण सेल्समनला दिसत नाही.

*स्वीट सीआरएम:* अ‍ॅडमिन, स्टुडिओ, मॉड्यूल, रिलेशनशिप्स. नातं जतन केल्यावर क्विक रिपेअर अँड रिबिल्ड चालवा. ते राहिलं तर यादी दिसत नाही आणि लोक नातं पुन्हा नव्याने बनवतात, मग दोन-दोन होतात. पार्टीखाली पार्टी लावण्यासाठी यात ‘मेंबर ऑफ’ हे फील्ड आधीच असतं.

*अनेकांचं अनेकांशी:* पर्चेस सल्लागाराचं उदाहरण घ्या. मधे ‘नेमणूक’ नावाचं मॉड्यूल करा. त्यात दोन रेषा: एक सल्लागाराकडे, एक हॉटेलकडे. शिवाय त्याची भूमिका आणि तारीख. सेल्सफोर्समध्ये ही मधली नोंद दोन मास्टर-डिटेलनी बांधतात. झोहोच्या वरच्या आवृत्त्यांत मल्टी-सिलेक्ट लुकअप घेतलं की मधलं मॉड्यूल आपोआप तयार होतं. फक्त संपर्क व्यक्तीपुरता प्रश्न असेल तर सेल्सफोर्समध्ये एक संपर्क अनेक अकाउंटांना जोडायची सोय आहे, ती चालू करा आणि मधलं मॉड्यूल टाळा.

पातळ्या तीनच्या वर नेऊ नका. ग्रुप, कंपनी, जागा. त्याखाली ‘रेस्टॉरंट विभाग’, ‘हाउसकीपिंग विभाग’ अशा नोंदी केल्या तर सेल्समन कुठल्या पातळीवर भेट लिहायची यातच अडकतो, आणि शेवटी सगळ्यांत वर लिहून मोकळा होतो.

६. यादी साफ करा

आपल्याकडे गावांच्या नावांचं स्पेलिंग हा सगळ्यांत मोठा त्रास. पणजी, पंजिम, पॅनजिम. मडगाव, मारगाव. डिचोली, बिचोली. साखळी, सांकेली. टॅलीत प्रत्येकाने आपापल्या सवयीने लिहिलेलं असतं आणि त्यामुळे एकच पार्टी दोनदा-तीनदा येते. गावाच्या नावावर जुळवू नका, पिनकोडवर जुळवा: पणजी ४०३००१, म्हापसा ४०३५०७, मडगाव ४०३६०१, फोंडा ४०३४०१. पिनकोड ४०३ ने सुरू होत नसेल आणि जीएसटी ३० ने सुरू होत असेल, तर पत्ता किंवा क्रमांक यांपैकी एक चुकलेला असण्याची शक्यता मोठी. बिल काढून बघा. तालुक्यासाठी निवडीची यादी ठेवा, हाताने टाइप करू देऊ नका.

डुप्लिकेट नोंदी नाती जोडायच्या आधी एकत्र करा. नंतर मर्ज केल्या तर कुठलं चाइल्ड कुठे गेलं ते पाहत बसावं लागतं.

नावं देवनागरीत ठेवत असाल तर एक्सेलमधून फाइल जतन करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हा प्रकार निवडा. साधी सीएसव्ही घेतली तर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती परत नावांत बदलता येत नाहीत.

७. वरून खाली चढवा

क्रम ठरलेला आहे: आधी ग्रुप, मग कंपन्या, मग जागा, मग संपर्क, शेवटी यंत्रं आणि एएमसी. पॅरेंट सिस्टिममध्ये नसताना चाइल्ड चढवलं तर ओळ नाकारली जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पॅरेंटचं फील्ड रिकामं ठेवून स्वीकारली जाते.

अकाउंटखाली अकाउंट असेल तर दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत सगळी अकाउंट पॅरेंटशिवाय. दुसऱ्या फेरीत फक्त दोन कॉलम: चाइल्डचा कोड आणि पॅरेंटचा कोड.

नावावरून जोडणी करू नका. इथेच तुमचा तो स्वतःचा कोड उपयोगी पडतो. सेल्सफोर्समध्ये त्या फील्डला एक्स्टर्नल आयडी म्हणून खूण करा आणि अपसर्ट वापरा: कोड असेल तर नोंद बदलते, नसेल तर नवी होते. फाइल दोनदा चढवली गेली तरी दुप्पट होत नाही.

कोड नसेल आणि सेल्सफोर्सचा आयडी एक्सेलच्या व्हीलुकअपने आणणार असाल, तर १८ अक्षरी आयडी घ्या. १५ अक्षरी आयडीत लहान-मोठ्या लिपीचा फरक महत्त्वाचा असतो आणि व्हीलुकअप तो फरक मानत नाही. त्यामुळे दोन वेगळी अकाउंट त्याला एकच वाटू शकतात आणि यंत्रं चुकीच्या हॉटेलखाली जातात. कुठलीही चूक दाखवली जात नाही, म्हणून हा सापळा जास्त धोक्याचा.

चाइल्डची फाइल पॅरेंटच्या कोडवर क्रमाने लावून घ्या. एकाच पॅरेंटची चाइल्ड वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरली तर त्या पॅरेंटची नोंद अडकून काही ओळी नापास होतात.

पहिल्यांदा दहाच ओळी चढवा. त्या स्क्रीनवर उघडून पाहा. मग बाकीच्या. आणि जून-जुलैत अपलोड चालू करताना यूपीएस आणि मोबाइलचं नेट तयार ठेवा. अर्ध्यावर वीज गेली तर कुठल्या ओळीपर्यंत चढलं ते रिझल्ट फाइलवरून पाहा, अंदाजाने पुढे जाऊ नका.

८. चालू करायच्या आधी तपासा

*पुसून पाहा.* सरावाच्या प्रतीत एक पूर्ण झाड असलेलं अकाउंट पुसा. कागदावर जे ठरवलं तेच झालं का? पुसायला अडवायला हवं होतं तिथे अडवलं का?

*सेल्समनच्या लॉगिनने पाहा.* अ‍ॅडमिनला सगळंच दिसतं, त्यावरून काही कळत नाही. सेल्सफोर्समध्ये पॅरेंट अकाउंट लावलं म्हणजे पॅरेंट सांभाळणाऱ्याला चाइल्ड अकाउंट आपोआप दिसत नाही. मडगावच्या माणसाकडे ग्रुपचं मुख्य अकाउंट असेल आणि बार्देशातली हॉटेलं दुसऱ्याकडे असतील, तर दिसण्याचे नियम वेगळे लावावे लागतात. ‘झाड जोडलंय, म्हणजे दिसेल’ असं धरून चालू नका.

*बेरीज पाहा.* मालकांचा पहिला प्रश्न असतो: ह्या ग्रुपकडून एकूण किती येणं आहे? पॅरेंट अकाउंटच्या नात्यावर रोल-अप समरी चालत नाही, त्यामुळे ग्रुपच्या पानावर तो आकडा आपोआप येणार नाही. प्रत्येक अकाउंटवर ‘ग्रुप कोड’ नावाचं फील्ड ठेवा आणि त्यावर गट केलेला रिपोर्ट बनवा. तो आकडा टॅलीतल्या येण्याशी पैशापर्यंत जुळतो का ते पाच ग्रुपसाठी तपासा. जुळत नसेल तर बहुतेक एखादी जागा दुसऱ्याच पॅरेंटखाली गेलेली असते.

*अनाथ शोधा.* पॅरेंटचं फील्ड रिकामं असलेल्या जागा आणि यंत्रांची यादी कायमची सेव्ह करून ठेवा. सुरुवातीला ती रोज उघडा.

९. पॅरेंट बदलायचा अधिकार एकाच टेबलावर ठेवा

हॉटेल विकलं जातं, भागीदारी मोडते, बिल्डरकडून सोसायटीकडे लिफ्टचा आणि पंपाचा करार जातो. पॅरेंट बदलायची वेळ येणारच. पण हे फील्ड सेल्समनला वाचण्यापुरतंच ठेवा. बदल हवा असेल तर त्याने विनंती पाठवायची, सोबत नव्या नावाचं बिल किंवा नवा जीएसटी क्रमांक जोडायचा, आणि ऑफिसातल्या एकाच व्यक्तीने बदल करायचा. त्या फील्डचा बदलाचा इतिहास चालू ठेवा: जुना पॅरेंट, नवा पॅरेंट, तारीख, कुणी बदलला.

बदल करण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या: जुन्या पॅरेंटच्या नावावर उधारी बाकी आहे का, चालू एएमसी कुणाच्या नावावर आहे, आणि यंत्राची वॉरंटी नव्या मालकाला लागू होते का. उधारी बाकी असेल तर जुनं अकाउंट पुसू नका, ‘बंद’ अशी स्थिती द्या आणि वसुली पूर्ण होईपर्यंत तसंच राहू द्या. पॅरेंट बदलल्याच्याच दिवशी टॅली सांभाळणाऱ्याला लेखी कळवा, नाहीतर पुढचं बिल जुन्या नावाने निघतं आणि ते रद्द करून पुन्हा काढेपर्यंत माल गेटवरच उभा राहतो.